गाळात

गुढीपाडव्याला दोन फुटांची काचेची टाकी घरी आणली. आईने तिला हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "मासे कुठायत?" म्हटलं, संध्याकाळी आणतो. मधे अक्षय्य तृतीया होऊन गेली, आमरसाच्या तीन फेऱ्या झाल्या. मासे अजून दुकानातच आहेत आणि मी तळाशी आहे.

चूक माझीच. दुकानदार बिचारा सांगत होता, "प्लॅस्टिकची झाडं घ्या साहेब, धुतली की नवी." पण गौरींसाठी मंडईत शेवंती निवडत तासभर उभं राहणाऱ्या घरात प्लॅस्टिक? मी बाणेदारपणे म्हणालो, "खरी लावणार." त्यावर मुलाचा पगार विचारावा तशा आवाजात त्याने विचारलं, "मग तळाला काय घालणार?"

झाडं, मासे, दिवा, सगळं मागाहून बदलता येतं. तळ चुकला की अख्खी टाकी उपसावी लागते. राहत्या घरात फरशी बदलून घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याने आधी ॲक्वासॉइल दाखवली. म्हणजे भाजलेल्या मातीच्या साबुदाण्याएवढ्या काळ्या गोळ्या. भाव आंबेमोहोराच्या वर. मुळांना खाऊ घालते, पाणी किंचित आम्लधर्मी करते, हे मोठ्याने सांगून झालं. पहिले काही आठवडे तिच्यातून अमोनिया सुटतो, तोवर मासे सोडायचे नाहीत, पाणी बदलत बसायचं, हे हळू आवाजात. वर्ष-दोन वर्षांत तिच्यातलं सत्त्व संपतं आणि गोळ्यांचा चिखल होऊ लागतो, हे मी खोदून विचारल्यावर. एवढे पैसे मोजून आणलेल्या मातीची शेवटी मातीच होणार असेल तर काय उपयोग? मी पिशवी खाली ठेवली आणि स्वस्तातली पांढरीशुभ्र खडी घेतली.

तळमजल्यावरचे काका भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी जिन्यातच पिशवी उघडायला लावली. "व्हिनेगर आण." वाटीत दोन खडे टाकून वर व्हिनेगर ओतलं, तर ते इनोसारखे फसफसले.

"चुन्याचा दगड. रोज थोडा विरघळणार आणि पाणी जड करत जाणार." मग चष्म्यावरून बघत, "पुण्यात राहून दगड विकत घेतोस? अरे, पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजलाय. तो बघ समोर ढीग."

समोर बांधकामावर काळी खडी पडली होती. साडेसहा कोटी वर्षांचा तो माल वॉचमनने दोन चहांवर दिला. व्हिनेगरमध्ये खडे ढिम्म राहिले.

पण दाणा हवा २-३ मिलिमीटरचा. बारीक असला तर थर दाबून बसतो, आत हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्याचा वास येतो. मोठा असला तर माशांचं उरलेलं खाणं फटींत जाऊन कुजतं. म्हणून घरातल्या तीन चाळण्या वापरल्या. एक पिठाची, एक रव्याची, आणि तिसरी कशाची ते बायको बोलत नसल्यामुळे कळलं नाही.

हिशोब केला. २४ इंच लांबी, १२ इंच रुंदी, अडीच इंच थर, म्हणजे साधारण १२ लिटर. वजनाने १८ किलो. धुवायला बसलो तर पहिल्या बादलीत जुलैतली मुठा उतरली. चौदाव्या बादलीला पाणी नितळ झालं. एप्रिल महिना, सोसायटीत टँकर सुरू. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी पाटी लागली: "सभासदांनी दगड पावसाळ्यात धुवावेत."

सगळं झाल्यावर काका म्हणाले, "पण दगडात झाडांना खायला काय?" हे आधी सांगितलं असतं तर त्यांची प्राध्यापकी गेली असती बहुतेक. आता खाली इंचभर माती आणि वर दीड इंच खडी. म्हणजे धुतलेली सात किलो जास्तच. ती बाल्कनीत आहे, कुणाला हवी असल्यास न्यावी.

नर्सरीवाल्याकडे पोयटा मागितला. तो प्रेमाने त्यात शेणखत कालवू लागला. त्याचा हात धरावा लागला, कारण पाण्याखाली शेणखत म्हणजे पुन्हा अमोनिया. थर दिले. आता पाणी ताटलीवर, धार बारीक ठेवून सोडायचं असतं. मी नळी लावली. टाकीभर चहा झाला. तो तीन दिवसांनी निवळला.

मग झाडं आणायला गेलो. "नवशिक्यांसाठी ही बेस्ट," म्हणत दुकानदाराने तीन अनुबियास दिले. वर सूचना: "याचं खोड मातीत पुरू नका हं, सडतं. लाकडाला दोऱ्याने बांधायचं. याला तळाला काही नसलं तरी चालतं."

घरी आलो. लाकडाला दोरा गुंडाळत बसलो होतो, तेव्हा आईने एक पान उलटंपालटं करून पाहिलं.

"हा अळूच की रे."

पुस्तकात शोधलं. खरंच अळूच्याच कुळातला निघाला.

"मग एवढा चिखल केलाच आहेस," आई म्हणाली, "तर आपला साधा अळू लाव. श्रावणात फतफतं तरी होईल."