खुर्चीखालचा बॉम्ब: शील्डच्या पहिल्या अंकावरच्या दाव्याला उत्तर

गेले काही दिवस एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा: ‘मार्व्हल कॉमिक्समध्ये शील्ड या गुप्तहेर संस्थेचं प्रमुखपद म्हणजे सगळ्यात भारी सुपरहिरोला मिळणारं बक्षीस. १९६५ च्या पहिल्या अंकात नेतृत्वाबद्दल काहीच नाही, ती जेम्स बाँडची नक्कल आणि खेळण्यांची जत्रा आहे. शील्ड ही अमेरिकी सरकारची गुप्तहेर संस्था. शील्डचा प्रमुख निक फ्यूरी याला खरी ओळख सिनेमानं दिली. कारभार हा विषय मार्व्हलनं २००७ मध्ये टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, प्रमुख केल्यावर पहिल्यांदा घेतला, आणि तो प्रयोग फसला, कारण स्टार्क सैनिक नव्हता.’

यातलं एकही वाक्य मूळ अंक उघडून लिहिलेलं वाटत नाही.

तो अंक म्हणजे ‘स्ट्रेंज टेल्स’ क्रमांक १३५. मुखपृष्ठावर ऑगस्ट १९६५, किंमत १२ सेंट. कथा स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांची, कर्बीच्या पेन्सिलवर शाई डिक एअर्सची. ‘स्ट्रेंज टेल्स’मध्ये तेव्हा दोन कथा असत. १३४ व्या अंकापर्यंत पहिली जागा ह्यूमन टॉर्च आणि थिंगची होती, ती शील्डला मिळाली. उरलेल्या पानांवर स्टीव्ह डिटकोचा डॉक्टर स्ट्रेंज होताच. म्हणजे शील्डच्या वाट्याला पुरता अंकही नव्हता, जेमतेम १२ पानं होती. या १२ पानांचं नावच ‘द मॅन फॉर द जॉब’ आहे, अर्थात ‘या कामाला हवा तो माणूस’. ज्या कथेच्या नावातच नेमणूक आहे, तिच्यात नेतृत्वाबद्दल काही नाही हे कसं म्हणायचं?

आता ती कथा जवळून बघू. सुरुवातीला फ्यूरी यंत्रांच्या गराड्यात उभा आहे. तंत्रज्ञ त्याच्या शरीराची नोंद घेतायत, कारण त्याच्या हुबेहूब प्रतिकृती बनवायच्या आहेत. हेच ते लाइफ मॉडेल डेकॉय, पुढे एलएमडी म्हणून गाजलेले. आपल्याला कशासाठी आणलंय हे फ्यूरीला अजून कोणी सांगितलेलं नाही. प्रतिकृती बाहेर पडतात आणि दबा धरून बसलेले हायड्रा या शत्रू संघटनेचे बंदूकधारी त्यांना टिपतात. इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते: नेमणुकीची बातमी उमेदवाराच्या आधी शत्रूला लागली आहे. माणसानं पद स्वीकारण्याआधीच त्याला जिवंत ठेवण्याचं काम संस्थेच्या गळ्यात पडलं आहे. कोणत्याही सुरक्षा यंत्रणेत हा पहिला प्रश्न असतो आणि कर्बीनं कथेची सुरुवातच त्यानं केली.

मग उडणारी गाडी येते, पाठलाग होतो, आणि फ्यूरी मुख्यालयात पोचतो. तिथे टोनी स्टार्क भेटतो. तो या घडीला चिलखतातला आयर्न मॅन म्हणून समोर येत नाही, संस्थेला शस्त्रं आणि यंत्रं पुरवणारा उद्योजक म्हणून येतो. तो सांगतो की हायड्राविरुद्धच्या संस्थेचं प्रमुखपद आम्हाला तुला द्यायचं आहे. फ्यूरी नाही म्हणतो. एवढ्या मोठमोठ्या, शिकल्यासवरल्या लोकांवर हुकूम चालवायला आपण कोण, असा त्याचा मुद्दा आहे, आणि तो लटका विनय नाही. मे १९६३ पासून ‘सार्जंट फ्यूरी अँड हिज हाऊलिंग कमांडोज’मध्ये वाचकांनी त्याला चिखलात लोळणारा, शिव्या हासडणारा सार्जंट म्हणूनच पाहिलं होतं. डिसेंबर १९६३ च्या ‘फँटॅस्टिक फोर’ क्रमांक २१ मध्ये तो सीआयएचा कर्नल म्हणून वर्तमानकाळात आला, तरी त्याची बोली सार्जंटचीच राहिली.

बोलणं चालू असतानाच फ्यूरीला प्रमुखासाठी मांडलेल्या खुर्चीत काहीतरी गडबड असल्याचं जाणवतं. तो ती उचकटतो आणि बाहेर भिरकावून देतो. बाहेर स्फोट होतो. खोलीत एकाहून एक हुशार माणसं आहेत, पण कुणाच्याही ते ध्यानात आलेलं नव्हतं. आणि मग शेवटी उलगडा होतो की आपण ज्याला इमारत समजत होतो ते मुख्यालय आकाशात तरंगतंय. हेलिकॅरिअरचं हे पहिलं दर्शन.

नेमणूक ठरते ती या खुर्चीवर. फ्यूरीच्या अंगी इथे कसलीही अतिमानवी शक्ती नाही. त्याचं वय उतरत का नाही याचा खुलासा करणारा ‘इन्फिनिटी फॉर्म्युला’ १९७६ मध्ये, ‘मार्व्हल स्पॉटलाइट’ क्रमांक ३१ मध्ये आला. १९६५ मध्ये त्याच्याकडे होती ती बारीक नजर आणि चर्चेत वेळ न दवडता हात चालवायची सवय. म्हणून ‘सगळ्यात भारी सुपरहिरोला बक्षीस’ हे वाक्य निखालस चूक आहे. खऱ्याखुऱ्या सुपरहिरोनं, म्हणजे स्टार्कनं, हे पद स्वतःकडे न घेता दुसऱ्याला देऊ केलं.

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेल्यांना वेताळ ठाऊक आहे. तिथे कवटीची गुहा, अंगठी आणि शपथ बापाकडून मुलाकडे जाते, एकविसाव्या पिढीपर्यंत. शील्डमध्ये वारसा नाही. बाहेरचा माणूस बोलावला जातो, तो नकार देतो, आणि काम करताना दिसतो म्हणून निवडला जातो. या दोन कल्पनांमधलं अंतर ज्याला दिसत नाही त्याला हा अंक खेळण्यांचाच वाटणार.

त्या बॉम्बबद्दल आणखी एक. तो मुख्यालयाच्या आत, प्रमुखासाठी मांडलेल्या खुर्चीत होता. म्हणजे हायड्राचा हात पहिल्याच दिवशी घरात पोचला होता. २०१४ च्या ‘द विंटर सोल्जर’ सिनेमात शील्ड आतून पोखरलेली निघाली तेव्हा कित्येकांना तो नवा विचार वाटला. कॉमिक्समध्ये त्याची मोठी आवृत्ती १९८८ मध्येच झाली होती. सहा भागांच्या ‘निक फ्यूरी व्हर्सेस शील्ड’मध्ये वरच्या हुद्द्यांवर माणसांच्या जागी एलएमडी बसलेले असतात आणि फ्यूरीला स्वतःच्याच संस्थेपासून पळावं लागतं. पण बीज १९६५ च्या खुर्चीतच आहे.

आता नक्कल. इथे दावा करणाऱ्याला थोडं मान्य करावं लागेल. बाँडचे सिनेमे १९६२ पासून जोरात होते. ‘द मॅन फ्रॉम अंकल’ ही मालिका सप्टेंबर १९६४ मध्ये अमेरिकी टीव्हीवर आली होती, आणि शील्डसारखं आद्याक्षरांचं, ठिपके दिलेलं नाव ही तिथलीच फॅशन. पण बाँड हा हुकूम घेणारा माणूस. कामगिरी मिळते, तो जातो, परत येतो. फ्यूरीला हुकूम द्यायचे आहेत, आणि त्याची सगळी अडचण तीच आहे: गल्लीत मारामारी करणाऱ्यानं टेबलामागे कसं बसायचं? कर्बी स्वतः १९४४ मध्ये पायदळातला साधा सैनिक म्हणून फ्रान्समध्ये लढला होता. त्याच्या फ्यूरीच्या सुटाला सुरकुत्या असतात आणि तोंडात चिरूट असतो. बाँडची इस्त्री त्याला शोभलीच नसती.

हायड्राची बाजूही याच प्रश्नाचं उलटं चित्र आहे. १३५ पासून सुरू झालेल्या या पहिल्या मालिकेत हायड्राचा सर्वोच्च प्रमुख निघतो तो अर्नोल्ड ब्राऊन, ‘इंपीरियल इंडस्ट्रीज’मध्ये साहेबाच्या हाताखाली मान खाली घालून काम करणारा सचिव. अनुयायांनी त्याचा चेहरा पाहिलेला नाही. भीतीवर चाललेल्या संघटनेचा प्रमुख मुखवट्यामागे, आणि शील्डचा प्रमुख उघड्या तोंडानं हेलिकॅरिअरच्या डेकवर. फ्यूरी पुढे आपले जुने गडी डम डम डूगन आणि गेब जोन्स यांना आणतो, कारण विश्वासाची माणसं नव्यानं तयार करायला त्याच्याकडे वेळ नाही. नक्कल करणाऱ्यानं एवढा विचार केला नसता.

‘शील्ड अमेरिकेची’ हा समज सिनेमातून आला. मूळ नाव होतं ‘सुप्रीम हेडक्वार्टर्स, इंटरनॅशनल एस्पिओनाज, लॉ-एन्फोर्समेंट डिव्हिजन’. त्यात ‘इंटरनॅशनल’ ठळक आहे. १९९१ मध्ये कॉमिक्सनं ते बदलून ‘स्ट्रॅटेजिक हॅझर्ड इंटरव्हेन्शन एस्पिओनाज लॉजिस्टिक्स डायरेक्टरेट’ केलं. ‘होमलँड’ हा शब्द सिनेमाच्या नावात आहे, कॉमिक्सच्या या दोन्ही नावांत नाही. मात्र कॉमिक्समध्येही हे नेहमी काटेकोर पाळलं गेलेलं नाही. २००८ च्या ‘सीक्रेट इन्व्हेजन’ या कथेनंतर अमेरिकेचा अध्यक्ष शील्ड मोडीत काढून सूत्रं नॉर्मन ऑसबोर्न या खलनायकाच्या हाती देतो. आंतरराष्ट्रीय संस्थेची किल्ली एका देशाच्या खिशात कशी, हा प्रश्न लेखकांनी अर्धवट सोडला आहे आणि तो दोष त्यांच्या पदरी घालायलाच हवा.

फ्यूरी सिनेमानं घडवला, याला दोन तारखा पुरेत. सिनेमात फ्यूरी झालेल्या सॅम्युअल जॅक्सनच्या चेहऱ्याचा फ्यूरी ब्रायन हिचनं २००२ मध्ये ‘द अल्टिमेट्स’मध्ये काढला. ‘आयर्न मॅन’ सिनेमा आला २००८ मध्ये. आणि डोळ्यावरची पट्टी त्याच १३५ व्या अंकातली. तिचं कारण १९६६ मध्ये ‘सार्जंट फ्यूरी’ क्रमांक २७ मध्ये सांगितलं गेलं.

राहिला टोनी स्टार्क, आणि इथे तो मजकूर सगळ्यात जास्त दिशाभूल करतो.

मुळात कारभाराचा विषय २००७ मध्ये पहिल्यांदा आला हेच खोटं. २००४ ते २००५ च्या पाच भागांच्या ‘सीक्रेट वॉर’मध्ये अध्यक्षानं परवानगी नाकारल्यावर फ्यूरी काही सुपरहिरोंना गुपचूप लॅटव्हेरिया या काल्पनिक देशात घेऊन जातो आणि नंतर त्यांच्या आठवणी पुसून टाकतो. वर्षभरानं त्या मोहिमेचा सूड उगवला जातो तेव्हा जखमी होणाऱ्यांना आपण काय केलं होतं हेही आठवत नाही. फ्यूरीला भूमिगत व्हावं लागतं आणि शील्डचीच अधिकारी मारिया हिल खुर्चीवर येते. प्रमुखाला वरून ‘नाही’ असं उत्तर आलं तर काय करायचं, यावर मार्व्हलमध्ये याहून कडक कथा आम्हाला माहीत नाही.

सरकारदरबारी नोंदणीच्या सक्तीवरून सुपरहिरो आपसात लढतात त्या ‘सिव्हिल वॉर’च्या सातव्या भागाअखेर स्टार्क प्रमुख होतो. त्याच्या चालू मालिकेचं नाव १५ व्या अंकापासून ‘आयर्न मॅन: डायरेक्टर ऑफ शील्ड’ होतं. लेखक डॅनियल आणि चार्ल्स नॉफ, चित्रं रॉबर्टो दे ला तोरे याची. डूगनसारखा जुना माणूस वैतागतो, कारण स्टार्क संस्था कंपनीसारखी चालवतो. पण स्टार्क सैनिक नव्हता म्हणून बुडाला, हे निदान चूक आहे. मैदानात तो कमी पडत नाही, उलट चिलखत घालून स्वतःच उडून जाण्याची त्याची खोड हीच तक्रारीची बाब आहे.

तो बुडाला याचं कारण तांत्रिक आहे. एक्स्ट्रिमिस या उपचारानंतर उपग्रह, फोन, माहितीचे साठे यांना त्याचा मेंदू थेट जोडलेला होता. त्याला अहवालाची वाट पाहावी लागत नव्हती. वरवर हा फायदा, पण त्यामुळे संस्थेची सगळी दृष्टी एका डोक्यात गोळा झाली. शिवाय यंत्रं पुरवणारा आणि ती विकत घेणारा एकच माणूस. १९६५ मध्ये हे दोघे वेगळे होते: स्टार्क बनवायचा, फ्यूरी वापरायचा आणि कुरकुरायचा. १९७९ च्या सुमाराला शील्डनं स्टार्कच्या कंपनीचे समभाग गुपचूप गोळा करून त्याला पुन्हा शस्त्रं बनवायला लावायचा घाट घातला, तेव्हा त्यानं कडाडून विरोध केला होता. ते अंतर दोघांच्याही भल्याचं होतं. २००७ मध्ये ते संपलं, म्हणजे पुरवठादाराच्या मालाबद्दल शंका घेणारा माणूसच उरला नाही.

स्क्रल्सनी, म्हणजे रूप बदलणाऱ्या परग्रहवासीयांनी, नेमकं तेच हेरलं. ‘सीक्रेट इन्व्हेजन’च्या पहिल्याच भागात एक व्हायरस स्टार्कटेकमध्ये, म्हणजे स्टार्कच्या कंपनीच्या यंत्रणेत, शिरतो आणि हेलिकॅरिअरसकट सगळं एकदम बंद पडतं. पर्यायी यंत्रणा दुसऱ्या कुठल्या कंपनीची असती तर अर्धी तरी उभी राहिली असती. एक्स्ट्रिमिसमुळे स्टार्क स्वतःही त्याच व्हायरसनं आडवा होतो. प्रमुख आणि यंत्रणा एकाच तारेवर लटकवल्या की असंच होतं. हेलिकॅरिअरवर स्क्रल्स मारिया हिलला घेरून गोळी घालतात ती प्रत्यक्षात एलएमडी निघते: १९६५ ची युक्ती, ४३ वर्षांनी. आणि मैदानात ताज्या दमानं उतरतो तो भूमिगत फ्यूरी, ज्याची माणसं आणि साधनं स्टार्कच्या जाळ्याबाहेर होती.

स्टार्कच्या कारकिर्दीला फसलेला प्रयोग म्हणणाऱ्यांनी त्यापुढची ‘वर्ल्ड्स मोस्ट वॉन्टेड’ही वाचावी, मॅट फ्रॅक्शन आणि साल्वादोर लारोका यांची, ‘इन्व्हिन्सिबल आयर्न मॅन’च्या ८ ते १९ क्रमांकांत. पद गेलं आहे, ऑसबोर्न मागे लागला आहे, आणि त्याला हवी आहे नोंदणी झालेल्या सुपरहिरोंच्या खऱ्या नावांची यादी. स्टार्कनं बाकी सगळ्या प्रती नष्ट केल्या आहेत. उरलेली एकमेव प्रत त्याच्या मेंदूत आहे, म्हणून तो टप्प्याटप्प्यानं मेंदूच पुसायला घेतो. अंकागणिक त्याचे शब्द अडखळतात, साध्या गोष्टी सुचेनाशा होतात, चिलखतं जुनी आणि साधी होत जातात, कारण नवी चालवण्याइतकी बुद्धी शिल्लक नाही. ऑसबोर्नच्या हाती ती यादी लागत नाही.