स्पेस स्टेशनवर दोस्ती की मजबुरी?

विषय वकिलाने काढला. म्हणे हे आंतरराष्ट्रीय सहकार्य वगैरे फोटोपुरतं असतं रे, युद्ध पेटलं की कोण कुणाचं. मी म्हटलं, मग २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावरही अमेरिका-रशियाचं ते आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन चालू कसं राहिलं ते सांग.

वकील म्हणे, "मजबुरी! स्टेशन हळूहळू खाली घसरतं, त्याला वर ढकलायचं काम मुख्यतः रशियाची इंजिनं करतात, आणि रशियाच्या भागाला वीज कमी पडते ती अमेरिकेच्या सोलर पॅनलवरून जाते, घटस्फोट परवडत नाही म्हणून नांदतायत."

मास्तर उखडलेच. मजबुरी काय आभाळातून पडली का, १९९८ मध्ये पहिला भाग वर गेला तो झार्या, बांधला रशियाने, उडवला कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून आणि पैसे नासाचे, म्हणजे पहिल्यापासून एकमेकांत पाय अडकवूनच उभे राहिलेत ना हे!

मग चीनला का नाही घेतलं, वकील म्हणाला. २०११ पासून अमेरिकेच्या कायद्यानेच नासाचे हात बांधलेत, शेवटी चीनने स्वतःचं तिआनगोंग स्टेशन बांधलं. ह्यावर मास्तर गप्प, आणि खरं सांगतो मलाही ते फार खटकतं.

पण नुसती मजबुरी म्हणणाऱ्यांनी अंतराळवीर रुबिओच्या सीटचं प्रकरण बघावं. सोयूझ ह्या रशियन यानात प्रत्येकाच्या अंगाच्या मापाने बनवलेला सीट लायनर, म्हणजे खुर्चीतला साचा असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये स्टेशनला लागलेल्या सोयूझचं कूलंट, म्हणजे यान थंड ठेवणारं द्रव, गळून गेलं, म्हणजे अचानक पळायची वेळ आली असती तर तीन माणसांच्या उष्णतेने आत भट्टी झाली असती. तेव्हा अमेरिकन फ्रँक रुबिओचा लायनर उचलून ड्रॅगन ह्या अमेरिकन यानात सामानाच्या जागी बांधला, म्हणजे तो तिकडून सुटेल आणि सोयूझमध्ये प्रोकोप्येव आणि पेतेलिन हे दोघं रशियनच उरल्यावर त्यांनाही गरम कमी होईल. खाली युद्ध चालू होतं हां तेव्हा! पुढे फेब्रुवारीत रशियाने रिकामं सोयूझ पाठवलं आणि तिघं त्यातूनच सप्टेंबरमध्ये उतरले, ३७१ दिवसांनी.

वकील म्हणे हीपण गरजच. असेल, पण गरज ओळखून दुसऱ्याच्या माणसासाठी जागा करणं हे आपोआप होत नाही, वर्षानुवर्षं एकत्र ट्रेनिंग केलेलं असतं, एकमेकांची भाषा शिकलेले असतात.

मला काळजी पुढची आहे. हे स्टेशन २०३० नंतर पाडायचंय, नासाला खासगी कंपन्यांची स्टेशनं हवीत, रशियाला स्वतःचं, मग कुणाला कुणाची गरजच उरणार नाही. मी म्हटलं, निदान डॉकिंग पोर्ट, म्हणजे यान स्टेशनला जोडायची दारं, तरी सगळ्यांचे सगळ्यांना बसतील असे ठेवा, कुणाचंही यान बिघडलं तरी दुसऱ्याचं येऊन लागलं पाहिजे. ह्यावर मात्र दोघंही हो म्हणाले, चीनला धरून.