विहिणीची पंगत, रात्री साडेदहाला

आम्ही मुलाकडचे. पण मुलाने सासुरवाडी अर्जेंटिनात, ब्यूनोस आयर्समध्ये केल्यामुळे मानपानाचा सगळा हिशेबच बदलला. विमान उतरायच्या आधी हिने त्या चिंचोळ्या बाथरूममध्ये कशीबशी साडी नेसली, कारण वरमाय पंजाबी ड्रेसमध्ये उतरल्याचं तिच्या माहेरी कुणी ऐकलेलं नव्हतं. एसेइसा विमानतळावर विहीणबाई धावत आल्या, हिच्या गालाला गाल लावून मोठ्याने मुका घेतला, आणि मग माझाही घेतला. मी सावरतोय तोवर व्याहीही पुढे झाले. त्यांच्या मागे भाऊ, भावजया, भाचे अशी रांगच होती. आपल्याकडे व्याह्यांच्या भेटीला टॉवेल-टोपी देतात. इथे टॉवेल कुणी दिला नाही, पण गरज तेवढी पडली.

खरी परीक्षा संध्याकाळपासून सुरू झाली. सहाच्या सुमाराला कॉफी आणि मेदियालुना आले. म्हणजे क्रॉसाँचे गोडसर धाकटे भाऊ. हे चहाचं खाणं झालं, आता आठला पानं घेतील, या अंदाजाने मी एकावर थांबलो. आठ वाजले. विहीणबाई झाडांना पाणी घालत होत्या. नऊ वाजले. व्याही बातम्या बघत होते. साडेनऊला कुणीतरी कांदा चिरल्याचा वास आला आणि मला भरून आलं. जेवायला बसलो तेव्हा साडेदहा झाले होते. भारताचं घड्याळ तिथून साडेआठ तास पुढे, म्हणजे माझ्या पोटाच्या हिशेबाने हा दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा नाश्ता होता. शेजारी व्याह्यांचा तीन-चार वर्षांचा नातू टक्क जागा राहून पास्ता खात होता आणि डुलक्या देणाऱ्या माझ्याकडे कुतूहलाने बघत होता.

जेवण संपलं तरी कुणी उठत नाही. ताटं तशीच, हात वाळलेले, आणि गप्पा. राजकारण, महागाई, बोका आणि रिव्हर या दोन फुटबॉल क्लबांपैकी कोण जास्त नालायक. भाषांतराचं काम चिरंजीवांकडे. त्यांनी दहा मिनिटांच्या भांडणाचं मराठी ‘काही नाही, बाबा’ असं केलं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना शहर दाखवायचं म्हणून व्याह्यांनी आम्हाला थेट स्मशानात नेलं. रेकोलेता हे १८२२ सालचं दफनस्थान, आणि ते तिथलं मोठं प्रेक्षणीय स्थळ आहे. संगमरवरी घरांच्या गल्ल्याच गल्ल्या. एविता पेरोन, म्हणजे तिथले राष्ट्राध्यक्ष पेरोन यांच्या लोकप्रिय पत्नी, यांच्या कबरीपुढे गर्दी होती. बाई १९५२ मध्ये गेल्या. पुढे लष्कराने त्यांचा देह पळवला, तो इटलीत मिलानला दुसऱ्याच नावाने पुरला, तिथून माद्रिदला गेला, आणि १९७६ मध्ये इथे येऊन पोचला. हे सगळं व्याही इतकं रंगून सांगत होते की हीसुद्धा हळहळली. पण घरी आल्या आल्या तिने डोक्यावरून आंघोळ केली. विहीणबाईंना वाटलं, उकडतंय.

रविवारी आसादो, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाची पंगत. ‘एक वाजता जेवायला’ असा निरोप होता. एक वाजता व्याह्यांनी कोळसे पेटवले. नातेवाईक येत गेले, प्रत्येकाने प्रत्येकाचा मुका घेतला, आणि जाळीवर गाईबैलांचे असे असे अवयव चढले की त्यांची यादी देऊन मी वाचकांचं पान वाया घालवणार नाही. ही शाकाहारी आहे, हे सुनेने महिनाभर आधी बजावलं होतं. विहीणबाईंनी ते मनापासून मानलं आणि हिच्यासाठी कोंबडी केली. तीही नको म्हटल्यावर त्यांनी हॅम घातलेली पालकाची टार्ट आणली. शेवटी व्याह्यांना प्रोव्होलेता सुचलं, म्हणजे चीजची जाड चकती, वर ओरेगॅनो, तशीच जाळीवर भाजलेली. ते एकच पान हिने आनंदाने खाल्लं. मी घरात शाकाहारी, पण ‘बाहेर’ खातो. ब्यूनोस आयर्स हे बऱ्यापैकी बाहेर आहे, असा माझा मुद्दा होता. तो मांडेपर्यंत माझ्या ताटातल्या हाडांची मोजदाद हिने केलेली होती. चारच्या पुढे सगळ्यांनी भाजणाऱ्याला टाळ्या वाजवल्या. तशी रीतच आहे. आपल्याकडे आचाऱ्याला कुणी टाळी देत नाही, मीठ कमी असल्याचं तेवढं सांगतात.

मग माते आलं. हिरव्या पानांचा कडू काढा, भोपळ्याच्या तुंब्यात, आणि त्यात एकच धातूची नळी. एकाने ओढायचं, तुंबा परत द्यायचा, गरम पाणी भरून तोच पुढच्याला. त्याच नळीने. हिच्या घरात पाण्याचा तांब्यासुद्धा वरून पितात. मी श्वास रोखून बघत होतो. हिने तुंबा घेतला, डोळे मिटले, घोट घेतला आणि परत देताना शांतपणे ‘ग्रासियास’ म्हणाली. तिथे आभार मानले की पुरे झालं असं समजतात आणि तुंबा पुन्हा तुमच्याकडे येत नाही. हे गुपित सुनेने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. मला मात्र कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि पाणी पुष्कळ होतं.

या शहरातून पाहुण्याला लवकर निघता येत नाही, याला मोठा पुरावा आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९२४ मध्ये पेरूला निघाले होते. वाटेत आजारी पडले, आणि ब्यूनोस आयर्सजवळच्या सान इसिद्रोला तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या पाहुणचारात जवळजवळ दोन महिने राहिले. पेरू राहूनच गेलं. चरित्रांत तब्येतीचं कारण दिलेलं असतं. माझा संशय निरोपावर आहे. तिथे ‘बरंय, निघतो’ म्हटल्यावर पंधरा जणांचे पंधरा मुके, दारात नवा विषय, आणि कुणीतरी पुन्हा पाणी तापत ठेवतं.

आणि मग संकष्टी आली. चंद्रोदय अकराच्या सुमाराला, असं हिने फोनवर पाहिलं. मुंबईचं पंचांग इथे चालतं का, यावर आमचं थोडं वाजलंही. पण त्या रात्री आमच्या मुक्कामात प्रथमच हिची आणि त्या घराची भुकेची वेळ जुळली. गच्चीवर अख्खं कुटुंब जमलं. चंद्र वर आला तो उलटा. दक्षिण गोलार्धात तो तसाच दिसतो. ससा बिचारा शीर्षासनात. हिने त्याला तसाच ओवाळला. व्याह्यांनी भक्तिभावाने टाळ्या वाजवल्या.

खाली पानं वाढली होती. उकडलेले बटाटे, दही, साबुदाणा पुण्याहून आणलेला.

‘असा उपास किती वेळा असतो?’ व्याह्यांनी विचारलं.

‘दर महिन्याला.’

ते विचारात पडले. ‘म्हणजे इतक्या उशिरा जेवायची तुम्हाला चांगली सवय आहे की! मग रोज आठ वाजता तोंड का पाडून बसता?’

मला उत्तर सुचेपर्यंत साडेबारा झाले, आणि विहीणबाईंनी आईस्क्रीमच्या दुकानाला फोन लावला. तिथे आईस्क्रीम किलोवर मिळतं आणि मध्यरात्रीही घरपोच येतं. दुल्से दे लेचे, म्हणजे आटवून आटवून तांबूस झालेल्या दुधाचं, घ्यायचं हे ठरलेलंच होतं. वाद फक्त एक किलो की दोन, एवढाच होता.

‘दोन,’ ही म्हणाली.