व्हेअर इज द रेन?

गेल्या आठवड्यात रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या कन्येने माझ्यासमोर एक झेरॉक्स ठेवली. "बाबा, उद्या याचं अ‍ॅप्रिसिएशन लिहून न्यायचंय. तुम्हाला इंग्लिश येतं ना?"

यातला 'ना' घातक असतो. पंचवीस वर्षं बँकेत इंग्रजी पत्रं लिहिणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही. पण बँकेचं इंग्रजी वेगळं. तिथे 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' म्हटलं की निम्मं पत्र होतं आणि 'प्लीज डू द नीडफुल' म्हटलं की उरलेलं. कवितेत नीडफुल कोणी करत नाही.

झेरॉक्स हातात घेतली आणि पोटात गोळा आला. 'आय वॉन्डर्ड लोनली अ‍ॅज अ क्लाउड.' म्हणजे पुन्हा हाच! ज्या माणसाला मी १९८८ साली नववीच्या वर्गात कायमचा सोडून आलो होतो, तो विल्यम वर्ड्सवर्थ माझा पत्ता शोधत थेट स्वयंपाकघरापर्यंत आला होता.

मी मराठी माध्यमाचा. गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं, त्यामुळे नववीपर्यंत त्या भाषेशी आमची ओळख दूरच्या पाहुण्याइतकीच. चेहरा माहीत, नातं नेमकं काय ते माहीत नाही. पण आमच्या सरांना कवितेचं वेड होतं. पुस्तकातल्या कविता ते शिकवायचे, मात्र त्या 'तुम्ही पास व्हावं म्हणून'. 'डॅफोडिल्स', म्हणजे हीच कविता, त्यांनी स्वतःच्या हौसेने फळ्यावर लिहून दिली, चारही कडवी, आणि म्हणाले, "ही माणसात येण्यासाठी." माणसात येणं ऐच्छिक असेल असं आम्हाला वाटलं होतं. सरांनी सहामाहीला दहा गुणांना घातलं.

पहिली ओळ आम्हाला लगेच कळली, हे मात्र कबूल केलं पाहिजे. ढगासारखा एकटा! माणदेशात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. पाऊस महाबळेश्वरला मोकळा होतो आणि आमच्याकडे ढगात उरतो तो फक्त पांढरा रंग. एखादा चुकार ढग येतो, शाळेच्या पटांगणावर क्षणभर सावली धरतो आणि रिकाम्या टँकरसारखा न थांबता पंढरपूरच्या दिशेने निघून जातो. सर म्हणाले, "बघा, असा एकटा." आम्ही सगळ्यांनी खिडकीतून पाहिलं. इंग्रजी साहित्य आणि आमचा तालुका यांची गाठ पडली ती तेवढीच.

पुढे फुलं आली आणि घात झाला. डॅफोडिल आम्ही पाहिलेलं नव्हतं. सरांनीही नव्हतं. "पिवळं असतं," ते म्हणाले. जरा विचार करून म्हणाले, "करडईसारखं धरून चला." आम्ही धरून चाललो. आता करडई ज्याने पाहिली आहे त्याला माहीत असेल की त्या पिकात नुसतं चाललं तरी पोटऱ्या रक्ताळतात. आणि हा कवी शेवटच्या ओळीत म्हणतो की माझं काळीज त्या फुलांबरोबर नाचतं. साहेबाच्या सहनशक्तीबद्दल माझ्या मनात जो आदर निर्माण झाला, तो पुढे पुष्कळ वर्षं टिकला. (डॅफोडिल आणि आपला नर्गिस एकाच प्रजातीतले, हे मला फार उशिरा कळलं. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर अख्ख्या वर्गाने कविता एका रात्रीत पाठ केली असती, अर्थात सिनेमाच्या गैरसमजातून.)

कठीण शब्दांचे अर्थ घरून शोधून आणायचे होते. घरात इंग्रजी-मराठी शब्दकोश होता, थोरल्या भावाचा, 'ए' ते 'सी' गळालेला. त्यात 'होस्ट' पाहिला तर पहिलाच अर्थ 'यजमान'. दुसरा अर्थ, 'मोठा समूह', वाचायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मी लिहिलं, 'एकाएकी मला सोनेरी डॅफोडिल्सचा यजमान दिसला.' बाकावरच्या शेजाऱ्याने 'व्हेल्स', म्हणजे दऱ्या, हा शब्द ऐकून लिहिला होता. त्याचा ढग देवमाशांवरून आणि डोंगरांवरून तरंगत गेला.

पण सगळ्यात जास्त बळी घेतले ते 'अ पोएट कुड नॉट बट बी गे' या ओळीने. 'गे'चा अर्थ तेव्हा आम्हाला एकच माहीत होता, आनंदी. ओळीचा अर्थ, कवीला आनंदी झाल्यावाचून राहवेना. अडचण वेगळीच होती. 'कुड नॉट' म्हणजे शकला नाही. 'बट' म्हणजे पण. सहामाहीला निम्म्या वर्गाने एकमेकांचं न पाहता एकच भाषांतर केलं: 'तो कवी होऊ शकला नाही, पण आनंदी झाला.' सरांनी पेपर वाटताना ते वाक्य मोठ्याने वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा वाटलं चिडले. आता वाटतं, त्यांना त्यात काहीतरी दिसलं असावं.

प्रश्न होता, 'व्हाय वॉज द पोएट लोनली?' मी उत्तर लिहिलं, 'द पोएट वॉज लोनली बिकॉज ही वॉज अलोन.' पूर्ण गुण मिळाले. इंग्रजीत मला मिळालेले तेवढेच पूर्ण गुण.

निबंधाचं मात्र मला तिथेच थांबून सांगितलं पाहिजे. विषय होता 'अ रेनी डे'. हा विषय माणमधल्या पोरांना देणं म्हणजे वाळवंटात पोहण्याची परीक्षा घेणं. पण पोरं तयारीची होती. निबंधाची पुस्तकं पाठ होती. एकूण बावन्न पोरं, त्यातल्या एकावन्न निबंधांत 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'. आमच्या गावात त्या वर्षी आकाशातून पडलेलं पाणी परातीत मावलं असतं, पण वहीत कुत्री-मांजरं धो धो कोसळत होती. कागदी होड्या सुटत होत्या, नद्या काठ सोडून वाहत होत्या, प्रत्येक निबंधात एक भिजलेला बेडूक 'क्रोक' करत होता.

बावन्नावा मी. मला त्या आठवड्यात ताप होता, म्हणून निबंध पाठ झाला नव्हता. दुसरा इलाज नसल्याने मी खरं लिहिलं. लिहिलं की ढग आला. आम्ही बघितला. आईने अंगणात हंडा ठेवला. ढग गेला. मग टँकर आला, बाया धावल्या, माझा नंबर चौदावा होता. आईने हंडा उचलून आत ठेवला. 'दस द रेनी डे वॉज ओव्हर.' अकरा ओळी. दहापैकी तीन गुण आणि लाल शाईत शेरा: 'व्हेअर इज द रेन?'

पेपरवर पालकांची सही लागायची. वडिलांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी लाल अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "काय म्हंत्यात मास्तर?"

मी म्हणालो, "पाऊस कुठं आहे, असं विचारतायत."

वडिलांनी सही केली. "मी बी त्येच इचारतुया," म्हणाले, "धा वर्सं झाली."

तर, कन्या. आजकाल कवितेच्या रसग्रहणाची सोय फार चांगली आहे. पाच गुण, त्यांची वाटणी ठरलेली. शीर्षकाला अर्धा, कवीच्या नावाला अर्धा, यमकाच्या रचनेला एक, अलंकाराला एक आणि मध्यवर्ती कल्पनेला दोन. म्हणजे कविता आणि तिचा जन्मदाता मिळून जेवढे, तेवढेच एकट्या यमकाला. कन्येने यमकाचा गुण चहा गाळावा तसा काढला, "ए बी ए बी सी सी." अलंकाराला तिन्ही होते: ढगासारखा म्हणून उपमा, फुलं नाचतात म्हणून चेतनगुणोक्ती, एका नजरेत दहा हजार मोजली म्हणून अतिशयोक्ती. "एकच मागितलाय," ती म्हणाली, "दोन लिहिले तर टीचर एकच बघतात." रस इतका काटकसरीने ग्रहण होताना मी प्रथमच पाहत होतो.

मी शीर्षकाच्या अर्ध्या गुणासाठी मोबाइल उघडला आणि तिथे माझी रात्र गेली. एक तर कवीने या कवितेला शीर्षकच दिलेलं नव्हतं. 'डॅफोडिल्स' हे लोकांनी ठेवलेलं नाव. दुसरं, १८०७ साली ती पहिल्यांदा छापली तेव्हा तीनच कडवी होती. तारकांचं आणि दहा हजारांचं दुसरं कडवं त्याने १८१५ साली वाढवलं, आणि 'डान्सिंग' डॅफोडिल्सचे 'गोल्डन' केले तेही तेव्हाच. आठ वर्षं मनासारखं होईना म्हणून माणूस परत लिहायला बसला, याचं कौतुक आहे. पण तो बसला नसता तर माण तालुक्यातल्या बावन्न पोरांचं एक कडवं वाचलं असतं.

हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण पुढची ओळ वाचली आणि खुर्चीत सरळ बसलो. ती फुलं त्याने पाहिली १५ एप्रिल १८०२ रोजी, इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये, अल्सवॉटर नावाच्या तळ्याकाठी. आणि सोबत त्याची बहीण होती. डोरोथी.

बहीण! सोबत! तिने त्या दिवसाची नोंद आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. फुलं नाचत होती हे तिने लिहिलंय. काही फुलं थकून, उशीवर टेकावं तशी दगडांवर डोकं टेकून होती, हेही तिनेच लिहिलंय, आणि खरं सांगायचं तर ते मला कवितेपेक्षा जास्त आवडलं. साहेबांनी कविता लिहिली ती दोन वर्षांनी, १८०४ मध्ये. शेवटच्या कडव्यातल्या 'इनवर्ड आय'च्या ज्या दोन ओळी सगळ्यात चांगल्या म्हणून गाजल्या, त्या बायकोने, मेरीने, सुचवलेल्या. हे त्याने स्वतःच सांगून ठेवलंय. बघितलं बहिणीबरोबर, ओळी दिल्या बायकोने, आणि हा म्हणतो 'आय वॉन्डर्ड लोनली'. 

"आमच्याकडेही असंच असतं," सौभाग्यवती भांडी लावता लावता म्हणाल्या. "डबा मी भरते आणि तुम्ही सांगता, एकटा होतो तेव्हा फार हाल झाले."

मी वाचत राहिलो. रोजनिशीत पुढे लिहिलं होतं की मग पाऊस आला. ओळखीच्यांच्या घरी पोचेस्तोवर दोघं भिजली.

मी मोबाइल टेबलावर ठेवला. पुन्हा उचलून पुन्हा वाचलं. पाऊस आला होता! चोवीस ओळींच्या कवितेत ज्याचा एक थेंब नाही, तो पाऊस त्या दिवशी खरोखर पडला होता, कवी त्यात भिजला होता, आणि दोनशे वर्षांत एकाही मास्तरने लाल शाईने त्याच्या समासात लिहिलं नाही की व्हेअर इज द रेन? त्याच्याकडे पाऊस होता, त्याने दिला नाही. माझ्याकडे नव्हता, तो माझ्याकडे मागितला.

"बाबा," कन्या म्हणाली, "मग सेंट्रल आयडियात लिहू का, की पोएट लोनली नव्हता, सिस्टर होती?"

माझ्यातला बँकवाला जागा झाला. "नको. गुण जातील. लिही, नेचर गिव्ह्ज अस जॉय."

"ते ऑलरेडी लिहिलंय," ती म्हणाली. "सगळ्याच कवितांना तेच चालतं."

दुसऱ्या दिवशी बँकेला सुट्टी होती. सरांचा नंबर गावाकडच्या एका मित्राकडून मिळवला. सर आता शाहात्तर वर्षांचे, आवाज मात्र अजून फळ्यावर डस्टर आपटल्यासारखा. मी नाव सांगितलं, बॅच सांगितली. प्रकृती, गुडघे, पाऊसपाणी झालं. मग मी एका दमात सगळं सांगितलं. "सर, तो एकटा नव्हताच. बहीण होती."

"माहीत आहे की," सर म्हणाले. "कोल्हापूरला बी.ए. करताना वाचलं होतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"अरे, पेपरात प्रश्न काय घातला होता? व्हाय वॉज द पोएट लोनली. तो एकटा नव्हताच असं सांगितलं असतं, तर तुम्ही बावन्न जणांनी प्रश्न रद्द करा म्हणून हेडसरांकडे मोर्चा नेला असता."

हे खरं होतं. मी मुद्द्यावर आलो. "सर, आणि पाऊस? पाऊस पडला होता त्या दिवशी. त्याने लिहिला नाही."

"त्याला फुलं दाखवायची होती. पाऊस वगळला." सर जरा थांबले. "तू तो टँकरवाला ना? हंडा ठेवणारा?"

सदतीस वर्षांनंतर! मी म्हणालो, "हो सर. तीन दिले होते."

"चार होते. पहिले चारच टाकले होते मी. पण टँकरचं स्पेलिंग सगळीकडे चुकवलं होतंस. ए-आर लिहीत होतास. त्याचा एक कापला."

"आणि तो शेरा, सर?"

"शेरा काय होता?"

मी सांगितला. पलीकडे शांतता. मग सर खोकल्यासारखं हसले की हसल्यासारखं खोकले, ते फोनवर कळलं नाही.

"अरे, तो तुला नव्हता विचारला," ते म्हणाले. "असो. ई-आर. टी-ए-एन-के-ई-आर. लिहून घे."

कन्येची झेरॉक्स टेबलावरच राहिली होती. मी तिच्या मागे लिहून घेतलं.