टोरांटोच्या घळी कशा वाचल्या
कॅनडातील टोरांटो शहरातल्या घळींचे जंगल ही निसर्गाची देणगी आहे, असे या घळींवरील एका लेखात म्हटले आहे; मात्र ती देणगी शाबूत राहिली ती एका दुर्घटनेमुळे, हे सांगावेसे वाटते. ऑक्टोबर १९५४ मध्ये हेझल वादळाच्या पावसाने शहरातील हंबर नदीला पूर आला, नदीकाठच्या रेमोर ड्राइव्ह या रस्त्यावरील घरे माणसांसह रातोरात वाहून गेली आणि ऑन्टॅरिओ प्रांतात ८१ जणांचा बळी गेला. त्यानंतरच घळींमधील पूरक्षेत्राच्या जमिनी सार्वजनिक ताब्यात घेऊन तेथील बांधकामांना पायबंद घालण्यात आला. आज मला अधिक काळजी वाटते ती, एकेकाळी हौसेने लावलेल्या आणि आता घळींच्या उतारांवर पसरलेल्या नॉर्वे मेपल या परदेशी झाडाच्या फैलावाची, कारण त्याच्या गर्द सावलीत मूळच्या झाडांची रोपे तग धरत नाहीत.