एक स्टारच्या रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि खरं सांगतो, आधी रागच आला. सकाळी परत वाचला तेव्हा त्यातलं निम्मं तरी बरोबर आहे हे कळलं. क्लिनिक माझं आणि डॉक्टरही मीच, त्यामुळे "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे" छाप दोन ओळी रिसेप्शनवरून टाकून घेण्यापेक्षा स्वतःच टाइप करतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तक्रारी थोडक्यात सांगतो. यांच्या आईंना दहाची वेळ दिली होती, आत घेतलं बारा वीसला, तेही उपाशी पोटी. मोठ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मी "स्वतःच्या मनाने" कमी केल्या. शुगर, बीपी, किडनी, थायरॉइड सगळं एका छपराखाली म्हणजे टेस्ट काढायचा धंदा. आणि एचआयव्हीचे पेशंटही त्याच बाकावर बसतात असं कळल्यावर यांना धक्का बसला.

आधी एक गोष्ट. तुमच्या आईंचे आजार, रिपोर्ट, गोळ्या यातलं एक अक्षरही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही लिहिलंय तो तुमचा प्रश्न, पण मी लिहिणं चूक, कारण कागद त्यांचा आहे. म्हणून पुढे जे सांगतोय ते सर्वसाधारण आहे, त्यात आईंना शोधू नका.

वेटिंगचं म्हणाल तर चूक आमची, शंभर टक्के. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला दोन तास वीस मिनिटं उपाशी बसवून ठेवणं हा नुसता गैरसोयीचा विषय नाही, शुगर खाली जाऊ शकते, आणि हे मी तुम्हाला नाही तर माझ्याच स्टाफला समजावलं पाहिजे होतं. झालं असं की नवीन पेशंटला आमच्याकडे चाळीसेक मिनिटं लागतात आणि त्या दिवशी आम्ही नवीन पेशंट लागोपाठ घेतले, मधे गॅपच ठेवला नाही, मग सगळंच घसरत गेलं. आता आल्या आल्या आधी फास्टिंगचं ब्लड घ्यायचं आणि लगेच खाऊन घ्या म्हणून सांगायचं, डॉक्टर कितीही वाजता बघोत, असं ठरवलंय. आणि ज्यांची फक्त तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी बघायचीय, त्यांना उपाशी यायची गरजच नसते. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ती टेस्ट तेवढ्या काळाची सरासरी दाखवते, सकाळी काय खाल्लं याने तिला फरक पडत नाही. हे अपॉइंटमेंट देतानाच फोनवर सांगायला हवं होतं, सांगितलं गेलं नाही. आईंची माफी मागतो.

आता गोळ्या, जिथे मला जरा भांडायचंय.

आमच्याकडे पहिल्या व्हिजिटला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा म्हणतो, चिठ्ठी नको, गोळ्याच. ती पिशवी टेबलावर रिकामी केली की काय काय निघतं ते एकदा बघायला या. अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, कोपरा कापलेल्या पट्ट्या ज्यांच्यावर नावातली शेवटची दोनच अक्षरं उरलीत, रबरबँड लावलेला एक गठ्ठा ज्याला घरात "हार्टच्या" म्हणतात आणि दुसरा "पायाच्या". मग सिस्टर एकेक पट्टी उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचते आणि मी लिहून घेतो. बऱ्याचदा एकच औषध दोन वेगळ्या नावांनी सापडतं. एका डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुटी दिलेली असते, दुसऱ्यांनी दुसऱ्या ब्रँडच्या कॉम्बिनेशनमधून, त्याच्या पोटात परत टेल्मिसार्टनच. पेशंट दोन्ही इमानदारीत घेतोय आणि उठून उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते म्हणून चौथ्या डॉक्टरकडे चक्करचं औषध मागतोय.

समजा एक ६८ वर्षांच्या बाई आहेत (खऱ्या नाहीत, मी बनवल्यात). बीपीसाठी अम्लोडिपिन चालू झाली. त्या गोळीने काही लोकांच्या घोट्याला सूज येते, हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असतं, पण सूज घेऊन बाई गेल्या दुसऱ्या दवाखान्यात, तिथे लघवीची गोळी मिळाली. लघवीच्या गोळीने युरिक ॲसिड वाढलं, पायाचा अंगठा सुजून लाल झाला, त्या गेल्या हाडाच्या डॉक्टरकडे, तिथून पेनकिलर. पेनकिलरने बीपी वाढतं. मग बीपीच्या डॉक्टरांनी बघितलं की बीपी वाढलंय, अम्लोडिपिन पाच मिलिग्रॅमची दहा केली. आणि सूज अजून वाढली! प्रत्येक डॉक्टरने आपल्यासमोर जे दिसलं त्यावर बरोबरच औषध दिलं, एकाचंही शिक्षण कमी नाही, पण बेरीज कोणी केलीच नाही.

आणि हे इथे थांबलं तर ठीक. टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि पेनकिलर ही तिन्ही एकत्र पडली की किडनीचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो, त्यात जुलाब उलट्या झाल्या तर दोनतीन दिवसांत किडनी बसू शकते. आपल्या बनवलेल्या बाईंचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्तातली टेस्ट, १.३ आहे, रिपोर्टवर "थोडंसं जास्त" म्हणून कोणी बघणार नाही, पण ६८ वर्षांच्या बाईत त्याचा अर्थ ईजीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते तो आकडा, ४५ च्या आसपास होतो. पेनकिलर चालू राहून ते १.५ झालं की ईजीएफआर ३८, आणि तिकडे शुगरची मेटफॉर्मिन दिवसाला दोन ग्रॅम चालूच, जी ४५ च्या खाली साधारण निम्मी करायची आणि ३० च्या खाली बंद करायची असते. शुगरवाल्यांना पेनकिलरचा पत्ता नाही आणि हाडवाल्यांना मेटफॉर्मिनचा. शिवाय थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम दोन्ही सकाळी एकाच घोटात, मग थायरॉइड आटोक्यात येत नाही म्हणून डोस वाढवत न्यायचा. त्या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवलं असतं तर कदाचित डोस वाढवायची वेळच आली नसती.

म्हणून आम्ही गोळ्या कमी करतो. उगाच नाही करत. रक्त पातळ करायच्या गोळ्या, स्टेंटनंतरच्या गोळ्या, फिट्सच्या गोळ्या यांना मी माझ्या मनाने हात लावत नाही, त्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय नाहीच. पेनकिलर मात्र बंद करतो, पहिल्याच दिवशी, आणि दुखण्यासाठी दुसरं काहीतरी देतो. माझी चूक कुठे झाली सांगू? जे बदललं ते का बदललं हे एका कागदावर लिहून तुमच्या हातात द्यायला हवं होतं आणि त्याची एक कॉपी त्या डॉक्टरांकडे जायला हवी होती. तोंडी सांगितलं, तेही आईंना, तुम्ही बाहेर फोनवर होतात. घरी जाऊन तुम्ही जुनी चिठ्ठी आणि नवी चिठ्ठी शेजारी ठेवलीत तर दोन गोळ्या गायब. मीही चिडलो असतो.

रिव्ह्यूतलं "मोठ्या डॉक्टरांपेक्षा शहाणे" हे वाक्य तेवढं लागलं. शहाणपणाचा विषयच नाही हा. २००५ साली अमेरिकेत काही डॉक्टरांनी एक ७९ वर्षांची काल्पनिक बाई घेतली, पाच आजार असलेली, आणि प्रत्येक आजाराची गाइडलाइन अक्षरशः पाळली तर काय होईल ते कागदावर मांडलं. निघालं काय, १२ औषधं, दिवसाला १९ डोस. गाइडलाइन एकेक घेतली तर एकही चुकीची नव्हती. हार्टचे डॉक्टर हार्टमध्ये माझ्या दहापट पुढे आहेत आणि मी पेशंट त्यांच्याकडे पाठवतोच, मी फक्त पिशवी उघडतो.

टेस्टचा धंदा. बरं. तीन ठिकाणी जाणाऱ्या माणसाचं क्रिएटिनिन महिन्याभरात तीनदा होतं कारण कोणाकडे कोणाचा रिपोर्ट नसतो. आमच्याकडे एकदा रक्त, एकदा लघवी, तेच सगळ्यांना पुरतं. त्या दिवशी लिस्ट लांब होती कारण पहिली व्हिजिट होती. लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन), पायाच्या तळव्याला बारीक नायलॉनची तार टेकवून कळतंय का बघणं, डोळ्याच्या पडद्याचा फोटो, बसून आणि उभं राहून बीपी. ही शुगरच्या माणसाची वर्षातून एकदा व्हायची तपासणी आहे आणि बहुतेकांची कित्येक वर्षांत झालेली नसते. दर वेळी नाही होणार एवढं. आणि आता अशी औषधंही आलीत जी शुगर, हार्ट फेल्युअर आणि किडनी तिन्हीकडे उपयोगी पडतात, ग्लिफ्लोझिन म्हणतात त्यातली. ती द्यायची की नाही हे तिन्हीचे रिपोर्ट एकत्र बघितल्याशिवाय कळत नाही.

पण एक कबूल करतो, सगळं एकत्र केलं की माणूस ठणठणीत होतो असं मी छातीठोक सांगणार नाही. ब्रिटनमध्ये ३३ दवाखान्यांत १५४६ पेशंटवर हेच करून बघितलं, २०१८ ला निकाल आला, आयुष्याचा दर्जा मोजला तर फरक पडला नव्हता. पेशंटना मात्र आपल्याकडे नीट लक्ष दिलं जातंय असं जास्त वाटलं. एवढंच. मी हे क्लिनिक चालवतो कारण पिशवीत काय असतं ते मी रोज बघतो, चमत्काराच्या जाहिरातीसाठी नाही.

राहिला बाकाचा मुद्दा. कोण कशासाठी आलंय हे आम्ही कोणालाच सांगत नाही, तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर मला त्याचं नाव खाजगीत कळवा, तो स्टाफ असेल तर राहणार नाही. शेजारी बसून एचआयव्ही होत नाही, हे २०२५ उलटल्यावरही टाइप करावं लागतंय. टीबीचं वेगळं, ते हवेतून पसरतं, म्हणून खोकला असलेल्याला दारातच मास्क देऊन खिडक्यांच्या खोलीत बसवतो. बाकी रांग एकच, फाईलचा रंग एकच, मुद्दाम. वेगळा दरवाजा केला की त्या दरवाजाकडे बघणारे डोळे येतात आणि माणूस औषध घ्यायलाच येत नाही. टांझानिया आणि युगांडात ३२ आरोग्य केंद्रांत एचआयव्ही, शुगर आणि बीपी एकाच क्लिनिकमध्ये आणून बघितलं, व्हायरस आटोक्यात राहण्यात काही कमी पडलं नाही. आणि वैद्यकीय कारणही आहे: एचआयव्हीच्या डोल्युटेग्रॅव्हिर गोळीने रक्तातली मेटफॉर्मिन वाढते, म्हणजे दोन्ही गोळ्या एकाच डॉक्टरला दिसल्या पाहिजेत. या मुद्द्यावर माफी नाही मागणार.

स्टार बदला असं म्हणत नाही. आईंना परत आणायचं असेल तर सकाळची पहिली वेळ ठेवतो, बदलांचा कागद टाइप करून तयार आहे, रिसेप्शनवर पाकिटात. दुसरीकडे दाखवायचं असेल तरी तो कागद घेऊन जा, पुढच्या डॉक्टरांना लागेल. आणि पट्ट्या कापताना नावाची बाजू शेवटपर्यंत ठेवा, सिस्टरने खास सांगायला सांगितलंय.