माझी निर्दोष मुक्तता

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या कमिटीने मला निर्दोष सोडलं. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे.

आरोप असा होता, की आवारातल्या गुलमोहराची मोठी फांदी मी कापली. भर दुपारी, मंगळवारी. त्या वेळी मी ऑफिसात होतो, पण त्याच्याशी कोणाला काही देणंघेणं नव्हतं. दुपारी करवतीचा आवाज आला, करवत माझ्याकडे आहे, विषय संपला. लिफ्टमध्ये लगेच नोटीस लागली : ‘काही सभासद घरात जंगलतोडीचं यंत्र बाळगून असल्याचं निदर्शनास आलं आहे.’ नाव नव्हतं. सोसायटीत असं यंत्र असलेला मी एकटाच, त्यामुळे नावाची गरजही नव्हती.

तर हो, मी जुन्या चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या साखळीच्या करवती, जमवतो आणि दुरुस्त करतो. लोक जुनी घड्याळं जमवतात, नाणी जमवतात, आणि पाहुणे त्यांच्याकडे कौतुकाने बघायला जातात. माझ्याकडचे पाहुणे गॅलरीचं दार ओढून घेतात. पार्ल्यात, दुसऱ्या मजल्यावर, माझ्या मालकीचं कापण्याजोगं झाड म्हणाल तर कुंडीतली तुळस. मग हे कशाला, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देणं सोडून दिलंय. रे रोडला दारूखान्यात, मोडीत काढलेल्या जहाजांच्या भंगारात मला एक जर्मन मशीन दिसलं. इंजिन शंभर सीसीच्या वर. कॉलेजात असताना यामाहाच्या ज्या आरएक्स हंड्रेड मोटरसायकलसाठी आमच्या पिढीने आईबापांशी अबोला धरला, तिचं इंजिन ९८ सीसीचं होतं. त्याहून मोठं इंजिन दोन हातांत धरायचं आणि झाडावर चालवायचं! ते तसंच गंजत सोडून येणारा माणूस मला समजून घ्यायचाही नाही.

चौकशी समिती तिघांची. सेक्रेटरी, खजिनदार आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका. पहिले दोघे मोबाइलमध्ये होते, त्यांचं सोडा. काका मात्र बँकेत इन्स्पेक्शनला होते आणि निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांना कोणी तपासायला दिलं नव्हतं. ते पॅड, दोन बॉलपेन आणि घरची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले. आरोपीच्या खुर्चीवर बसलं की निःपक्षपातीपणाला बाधा येते म्हणे. त्याच कारणाने चहाही नको म्हणाले. कोकम सरबत चालेल म्हणाले. बँकेत सरबत लाचेत मोडत नसावं.

“सभासदांनी यंत्र पुढे आणावं.”

एरवी जिन्यात भेटले की “काय रे, ऑफिसला का?” विचारणारे काका. मी यंत्र पुढे आणलं.

“याला साखळी दिसत नाही.”

“डिझेलमध्ये भिजत घातलीय. गंज सुटायला.”

काकांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, “घरात डिझेल. किती?”

“श्रीखंडाच्या डब्यात आहे.”

“किलोच्या की अर्ध्या किलोच्या?”

“अर्ध्या.”

“डबा स्वतःचा?”

“म्हणजे?”

“गणपतीत सोसायटीने श्रीखंड आणलं होतं. डबे परत आले नव्हते.”

दहा मिनिटं डब्यात गेली. शेवटी बायकोने फ्रिजच्या मागून आमच्या डब्याचं झाकण शोधून आणलं, तेव्हा तो विषय मिटला. मग पेट्रोल. इथे मी तयारीत होतो. विक्रीसाठी नसलेलं तीस लिटरपर्यंत पेट्रोल जवळ ठेवायला १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे परवाना लागत नाही. फक्त काचेची बाटली असेल तर ती एक लिटरहून मोठी नको आणि धातूचा डबा असेल तर तो पंचवीस लिटरहून मोठा नको. माझ्याकडे पत्र्याच्या कॅनमध्ये जेमतेम लिटरभर. हे सगळं मी एका दमात सांगितलं. काकांनी कौतुकाने मान हलवली आणि लिहून घेतलं : ‘सभासदाने कायद्याची आगाऊ तयारी करून ठेवलेली आढळली.’

“आता चालू करा.”

चालू करा! मी किती दिवस त्याच खटपटीत आहे. चोक ओढला, पाय हँडलमध्ये घातला, दोरी ओढली. ओढली, परत ओढली. मशीन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. सेक्रेटरींनी मोबाइलमधून डोकं वर काढलं, खाली घातलं.

आता हे का होतं ते मी समितीला सांगायला लागलो. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असतो, तो सरळ उभ्या गाडीत चालतो. करवत आडवी धरतात, उलटी धरतात, म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये रबराचा पातळ पडदा असतो. त्याला डायफ्राम म्हणतात. मोजून पेट्रोल सोडायचं काम तो लवून करतो, कसंही धरा. पण पन्नास वर्षांत तो पडदा पापडासारखा कडक होतो, मग लवणार काय? त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल. जुन्या रबराला ते सोसत नाही, वर इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि हवा मुंबईची! जूनमध्ये आमच्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तिथे पेट्रोलची काय कथा. डायफ्राम शोधायला मी नागदेवी स्ट्रीटवर गेलो होतो. जगातलं कुठलंही बेअरिंग मागा, तिथला माणूस वर न बघता काढून देतो. माझा डायफ्राम त्याने उजेडात धरला, वास घेतला आणि विचारलं, “किस गाडी का है?” करवतीचा म्हटल्यावर मला लाकडाच्या वखारीत जायला सांगितलं. वखारवाल्याने नागदेवीला जा म्हणून सांगितलं.

प्लगला ठिणगी मात्र व्यवस्थित येते. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, खाली विजेचा प्रवाह जोडणारे-तोडणारे पॉइंट असतात, त्यांच्यातली फट साधारण ०.४ मिलिमीटर लागते आणि ते साफ करायला व्हिजिटिंग कार्डासारखं दुसरं काही नाही. दोन पॉइंटांत घालायचं आणि ओढायचं. मी सेक्रेटरींची कार्डं वापरतो. ते जागांचे व्यवहार करतात, दिवाळीला प्रत्येक दारात कार्ड सरकवून जातात. हे मी त्यांना सांगितलं नाही. काकांना सांगितलं असतं तर पानभर मजकूर झाला असता.

एवढ्यात समोरच्या काकू धावत आल्या. दोरीचा आवाज त्यांनी ऐकला होता.

“झालं का चालू? फणस आणू?”

या काकूंचा माझ्यावर विश्वास आहे. सोसायटीत एकट्या त्यांचाच. दरवर्षी कोकणातून त्यांच्याकडे फणस येतो, आणि तो माझ्या मशीनवर कापायचा असं त्यांनी मनात धरलं आहे. साखळीला सतत तेल सुटत असतं, गऱ्यांना त्याचा वास लागेल, हे मी सांगून बघितलंय. “मग खोबरेल घाल की,” म्हणाल्या. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

“हे आधीपासून झाडंच कापायला काढलेलं का रे?” काकूंनी विचारलं.

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण इतक्या दिवसांत इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हटलं, “नाही काकू. दात असलेली पहिली साखळी बाळंतपणासाठी होती.”

गॅलरीत शांतता पसरली. खजिनदारांनीसुद्धा मोबाइल खिशात घातला.

खरं आहे ते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी बारीक दातांची, दोन टोकांना मुठी असलेली साखळी वापरात आणली. बाळंतीण अडली की ओटीपोटाचा सांधा कापायला आणि सडकी हाडं काढायला. हाताने ओढायची. १८३० च्या सुमाराला जर्मनीत बर्नहार्ड हायनेने पट्टीभोवती फिरणारी साखळी केली, दांड्याने फिरवायची, तीही हाडांसाठीच. झाडांची पाळी फार उशिरा आली. श्टील या जर्मन कंपनीने आपलं पेट्रोलवरचं मशीन १९२९ मध्ये काढलं. आणि आजच्या साखळीचा दात, जो मी गोल कानशीने तीस अंशात घासत बसतो, तो १९४६ मध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याला ओंडक्यातली अळी बघून सुचला. अळी डावीउजवीकडे जबडे चालवत लाकूड खात होती. त्याने एक दात डावा, एक उजवा असे केले.

अळीपर्यंत कोणी ऐकलं नाही. काकू पहिल्याच वाक्याला पदर तोंडाला लावून निघून गेल्या होत्या. काकांनी लिहिलं : ‘मूळ उपयोग : बाळंतपण.’ आणि कंसात, ‘तपासणे.’

मग सगळे खाली गुलमोहराकडे गेलो, स्थळपाहणीला.

फांदी कापलेली जागा बघितली आणि मला खरोखर संताप आला. खालून खाच न घेता सरळ वरून करवत चालवली होती. फांदी अर्धी कापून झाल्यावर स्वतःच्या वजनाने मोडली आणि जाताना खोडावरची हातभर साल सोलून घेऊन गेली. गुलमोहराचं लाकूड आधीच ठिसूळ. मी समितीला सांगितलं, की मोठी फांदी तीन कापांत काढायची असते : पहिला काप खालून, खोडापासून वीतभर लांब, दुसरा वरून, त्याच्याही पुढे, वजन उतरलं की तिसरा, फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा शाबूत ठेवून. म्हणजे जखम भरून येते. इथे आता पाणी मुरणार, बुरशी लागणार. आणि हे असलं काम माझ्या नावावर?

“म्हणजे फांदी कशी कापतात ते सभासदांना नीट माहीत आहे,” काका म्हणाले.

“अर्थात!”

त्यांनी तेही लिहिलं. माझा सात्त्विक संताप कबुलीजबाबाच्या रकान्यात गेला असणार, आणि मी बऱ्यापैकी अडकलो होतो. सोडवलं बायकोने. ती भाजी घेऊन फाटकातून येत होती. काकांनी तिला थांबवून विचारलं, “वहिनी, हे यंत्र कधी चालू झालेलं तुम्ही पाहिलंय?”

“हे?” ती म्हणाली. “अहो काका, हे चालू झालं तर मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटीन. यांच्याकडून मिक्सरचं भांडं लागत नाही.”

सगळे हसले. सेक्रेटरी तर फारच. निकाल तिथेच, झाडाखाली, उभ्याने लागला. मला प्रत मिळाली आहे : ‘यंत्र चालू होत नाही. सभासदाच्या हातून ते चालू होण्याची शक्यता पत्नीच्या जबाबावरून दिसत नाही. सबब आरोप वगळण्यात येत आहे.’

मंगळवारी मी ऑफिसात होतो, हे त्यात कुठेही नाही. मी झाड कापणारा माणूस नाही, असंही नाही. मला जमलं नसतं, म्हणून मी निर्दोष.

फांदी कोणी कापली ते संध्याकाळी वॉचमनने सांगितलं. खजिनदारांची पांढरी गाडी त्या फांदीखाली लागते, फुलं गळून बॉनेटवर डाग पडतात. टेम्पोतून दोन पोरं बोलावली होती, त्यांनी पाऊण तासात काम उरकलं. खजिनदार चौकशी समितीत होते, हे मी वर सांगितलंच आहे. मी हे काकांच्या कानावर घातलं, तर काका म्हणाले, “अरे, त्यांच्याकडे पावती आहे.” कसली पावती? टेम्पोवाल्याची. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि आमच्याकडे टेम्पोच्या पावतीवर भागतं.

आणि रविवारची ती मीटिंग माझ्या निकालावर संपली नाही. पुढचा विषय पुनर्विकासाचा होता. सेक्रेटरींनी नकाशा भिंतीला लावला. गुलमोहर जिथे आहे तिथे वाहनतळाचा उतार. दोन नारळ, एक आंबा आणि मागची जांभळं जिथे आहेत तिथे काय, हे मी विचारलं. “पोडियम गार्डन,” सेक्रेटरी म्हणाले. म्हणजे स्लॅबवर मातीचा थर आणि त्यात पामच्या कुंड्या. हात वर करा म्हणाले. एकमताने मंजूर. माझा हात खाली होता, पण मी मागच्या रांगेत होतो आणि काकांना लांबचं दिसत नाही. एका फांदीसाठी माझ्या श्रीखंडाच्या डब्याची उलटतपासणी करणाऱ्या माणसाने सगळ्या झाडांना एकूण दीड मिनिट दिलं. तिथे कोणाला खुर्ची घरून आणावीशी वाटली नाही.

काकांनी निकालाला एक अट जोडली आहे. यंत्र दुरुस्त झाल्यास सभासदाने कमिटीला आठ दिवस आधी लेखी कळवावं. आठ दिवस आधी! टू-स्ट्रोक इंजिन चालू होणार हे आठ सेकंद आधी कळत असतं तर माझा उजवा खांदा आज असा नसता. मी तसा रीतसर अर्ज लिहिला, कार्बोरेटरची आकृती जोडली आणि पोच मागायला काकांकडे गेलो. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, आकृतीत डायफ्राम कुठला ते विचारलं, सही केली. शिक्का उठेना. स्टॅम्पपॅड वाळलं होतं. काकांनी त्यावर दोन थेंब पाणी टाकलं, मग फुंकलं, मग हताशपणे माझ्याकडे बघितलं.

“तुला हे असलं काही जमतं का रे?”

पॅड मी घरी आणलंय. वरचं कापड ठीक आहे, आतला फेल्ट गेलाय. नागदेवीला मिळेल बहुतेक.